पन्नाशीच्या अलीकडे अडकलेल्या दुचाकी

नांदेड/लातूर - जुन्या जपानी दुचाकी शोधून, त्यांची नव्याने बांधणी करून त्यांना 'स्क्रॅम्बलर'चे रूप देण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. मात्र या हौसेची कायद्याशी गाठ पडते, तेव्हा गॅरेजमध्ये ओतलेला पैसा आणि मेहनत दोन्ही अडचणीत येतात. याचा विचार फारसा कोणी आधी करीत नाही.

स्क्रॅम्बलर म्हणजे रस्त्यावरच्याच दुचाकीला कच्च्या वाटेसाठी दिलेले रूप. होंडाने १९६२ साली 'सीएल ७२' ही अडीचशे सीसीची गाडी आणली. तिचे दोन्ही सायलेन्सर डाव्या बाजूने वर उचललेले होते. त्याच वर्षी मेक्सिकोतील तिहुआना ते ला पाझ हे सुमारे दीड हजार किलोमीटरचे, बहुतांशी कच्चे अंतर या गाडीने चाळीस तासांच्या आत पार केले. यामाहाची 'डीटी १' १९६८ मध्ये आली. काळ्या मातीत पावसानंतर चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखल घट्ट बसून गाडी कशी जागीच थबकते, हे लोहा किंवा अहमदपूरच्या शिवारात फिरलेल्याला सांगावे लागत नाही. उंच मडगार्डची ही रचना आपल्याकडे शोभेपेक्षा अधिक उपयोगाची आहे, हे मान्यच करावे लागेल.

परंतु त्या काळात अशा गाड्या येथे विकल्या गेल्या नाहीत. जपानी तंत्रज्ञान सर्वसामान्यांच्या हाती आले ते ऐंशीच्या दशकात. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या 'आरडी ३५०' वर बेतलेली 'राजदूत ३५०' आणली. दोन सिलिंडर, सहा गिअर आणि तीस अश्वशक्तीच्या आसपासची ताकद असलेली ही गाडी पेट्रोलच्या खर्चामुळे बाजारात टिकली नाही. त्यानंतर १९८५ मध्ये आलेली ९८ सीसीची 'आरएक्स १००' मात्र १९९६ पर्यंत चालली. आज आपल्या भागात जपानी स्क्रॅम्बलर म्हणून जे बांधले जाते, ते बहुधा याच गाड्यांवर.

बांधणीचे काम अवघड असले तरी अशक्य नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे ऑइल सील गळू लागले, की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण घटते आणि तापलेला पिस्टन जाम होतो. त्यामुळे नुसते रंगकाम करून इंजिन तसेच ठेवणाऱ्याची गाडी पहिल्याच लांबच्या प्रवासात बसते. सिलिंडरला बोअर करून मोठा पिस्टन बसविता येतो, पण तेही ठराविक वेळाच. खरी टंचाई मूळ सुट्या भागांची आहे. नकली भाग मुबलक आहेत आणि तेच इंजिनाचा घात करतात.

यापुढचा प्रश्न कागदाचा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पहिल्या राजदूत ३५० ची पन्नाशी २०३३ मध्ये, तर आरएक्स १०० ची २०३५ मध्ये भरेल. म्हणजे आज सांगाडा कापून स्क्रॅम्बलर करणारा मालक दहा वर्षांनी मिळू शकणारी मान्यता आजच गमावून बसतो!

शिवाय तोवर ती गाडी साधे वाहन म्हणूनच गणली जाते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन बदलायचे झाल्यास परिवहन कार्यालयाची परवानगी हवी.

पंधरा वर्षे झालेली गाडी भंगारातच द्यावी लागते, असा समज ग्रामीण भागात पक्का आहे. तो चुकीचा आहे. वयावरून सरसकट बंदीचा विषय दिल्ली परिसराचा. आपल्याकडे तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करता येते. अर्थात, त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून दुचाकीसाठी तीनशेवरून एक हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ते दोन हजारांवर नेण्यात आले. पर्यावरण कर वेगळा.

जुलै १९८९ पूर्वीच्या, म्हणजे 'एमएच' क्रमांक सुरू होण्याआधीच्या गाड्यांची कथा आणखी निराळी. त्यांच्या मूळ नोंदी कागदी नोंदवह्यांत आहेत. नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर ऑनलाइन नूतनीकरण अडते आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना सक्तीची केलेली उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही मिळत नाही. तेव्हा गोठ्याशेजारी पडलेली गाडी विकत घेताना आधी इंजिन पाहण्यापेक्षा चेसिस क्रमांक, नोंदणी पुस्तिका आणि मूळ कार्यालयातील नोंद ही तिन्ही जुळतात का, हे पाहिलेले बरे. सायलेन्सर नंतरही मिळतो.