डॉक्टर नव्हे, म्हणून काय झाले?

गेल्या दिवाळीत ताई दिल्लीहून आली. गोवा एक्सप्रेसने दोन रात्रींचा प्रवास करून ती बेळगाव स्टेशनावर उतरली. घरी येऊन चहाचा कप हातात घेते न घेते तोच शेजारच्या काकूंनी विचारले, "काय शिकालीस गं दिल्लीत?"

"बी.एस्सी. बायोमेडिकल सायन्स," ताई म्हणाली.

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे डॉक्टर नव्हे?"

ताई नुसती हसली. मला मात्र राहवले नाही. मी घाईघाईने म्हणालो, "मेडिकललाच आहे हो ती." काकू समाधानाने निघून गेल्या. त्या गेल्यावर ताई मला म्हणाली, "माझ्या शिक्षणाला नाव आहे. ते सांगायला तुला लाज वाटते का रे?"

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. उशिरा का होईना, या लेखातून ते देत आहे.

वाचकहो, दोष एकट्या काकूंचा नाही. वर्गातल्या माझ्या कन्नड मित्राला मी ताईबद्दल सांगितले, तेव्हा त्यानेही कन्नडमधून नेमके हेच विचारले. भाषा बदलली, प्रश्न तोच! पी.यू.सी.ला विज्ञान घेतले की मुलाने डॉक्टर व्हावे, नाहीतर इंजिनिअर. तिसरी वाट धरली की लोक समजतात, बिचाऱ्याला काही जमले नसावे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०२४ साली नीट परीक्षेला देशभरातून सुमारे २३ लाख मुले बसली. एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाहून थोड्या अधिक. म्हणजे वीस-बावीस मुलांमागे जागा एक. उरलेल्या सगळ्यांना आपण अपयशी ठरवणार काय? ज्या हिशेबात वीसपैकी एकोणीस माणसे तोट्याच्या बाजूला जातात, त्या हिशेबाची मांडणीच तपासायला हवी.

ताई त्या एकोणीस जणांतली. तिने नीट दोनदा दिली. "आणखी एक वर्ष बस," असा बाबांचा आग्रह होता. तिने त्याऐवजी सी.यू.ई.टी. दिली आणि दिल्ली विद्यापीठात प्रवेश मिळवला. तिथे ती जीवरसायन, पेशीविज्ञान, अनुवंशशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, औषधरसायन असे विषय शिकते. रोग शरीरात शिरतो तो कसा, पेशीत नेमके काय बिघडते, औषध तिथे पोचून काय करते, हा तिचा अभ्यास. शाळेत आम्ही दोघेही मराठी माध्यमाचे. 'तंतुकणिका' म्हणून पाठ केलेली गोष्ट म्हणजेच मायटोकाँड्रिया, हे पी.यू.सी.ला कळेपर्यंत तिचे काही महिने गेले होते. तीच मुलगी आज प्रयोगवहीचे पानच्या पान इंग्रजीत लिहिते. हे काय कमी आहे?

या शिक्षणाचा उपयोग काय, हे मला तिने एका उदाहरणाने पटवले. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक अजब रक्तगट आढळला. त्याला पुढे 'बॉम्बे' गट हे नाव पडले. ताई म्हणाली, "असे समज, रक्तातल्या तांबड्या पेशीवर एक खुंटी असते. तिला एच म्हणतात. ए गटात त्या खुंटीवर एक टोपी, बी गटात दुसरी, एबी गटात दोन्ही प्रकारच्या टोप्या. ओ गटात नुसती खुंटी. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते." नेहमीच्या तपासणीत टोपी दिसत नाही, म्हणून असे रक्त ओ गटाचेच वाटते. पण त्या माणसाचे शरीर खुंटीलाही परके मानते. त्याला ओ गटाचे रक्त चढवले तर जिवावर बेतते. हे ओळखायचे कसे? त्याचे रक्तजल ओ गटाच्या पेशींशी मिसळून पाहायचे. गाठी पडल्या की समजायचे, इथे काहीतरी वेगळे आहे.

हे ऐकताना मला आमचा हिशेबतपासणीचा तास आठवला. सर सांगतात, वहीत नोंद सुबक आहे म्हणून ती खरी मानू नका, आधी व्हाउचर पाहा. रुग्णालयातही तेच. डॉक्टरांचे निदान ही नोंद, तर प्रयोगशाळेतला पुरावा हे व्हाउचर. नोंद करणाऱ्याचा मान मोठा, तो असावाच. पण व्हाउचर तपासणारा नसेल तर त्या नोंदीवर विसंबायचे कशाच्या जोरावर?

इतिहासही हेच सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा त्यावर लस शोधणारा वाल्डेमार हाफकिन हा वैद्य नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. जानेवारी १८९७ मध्ये त्याने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळीत ती हजारो लोकांना टोचली गेली. त्या लोकांपैकी कोणी "पण हा डॉक्टर नव्हे ना?" असे विचारत बसले असते तर?

अर्थात नाण्याला दुसरीही बाजू आहे, ती लपवणे बरे नाही. या पदवीने रोगी तपासता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर संशोधनाचे दार पुरते उघडत नाही. त्यासाठी एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करावी लागते, म्हणजे आणखी वर्षे आणि आणखी खर्च. 'नीटशिवाय मेडिकल करिअर' अशा मोठ्या अक्षरांतल्या जाहिराती पाहून जे पालक फी भरतात, त्यांनी ही गोष्ट आधी विचारून घ्यावी. २०२१ साली संसदेने डॉक्टर-परिचारिकांखेरीजच्या आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात प्रयोगशाळेशी संबंधित कामेही आली आहेत. आपण घेतो त्या पदवीला या कायद्याखाली कोणते स्थान आहे, हे प्रवेशाआधी समजून घेणे प्रत्येक विद्यार्थ्याचे काम आहे. जाहिरातवाल्यांनी या पदवीला डॉक्टरकीचा मुलामा देऊ नये. आणि खरे सांगायचे तर, मीही काकूंपुढे तेच केले होते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. विद्यार्थिमित्रांनो, हे शिक्षण घ्यायचे तर त्याच्या स्वतःच्या गुणांसाठी घ्या. पालकांनो, मुलगी जे शिकते ते तिच्या तोंडून एकदा ऐकून घ्या. बाबा अजूनही फोनवर मधूनच म्हणतात, "एकदा नीट देऊन बघतेस का?" बाबांची माया मला कळते. पण बॉम्बे गटाची गोष्ट त्यांनी अजून तिच्याकडून ऐकलेली नाही. ती ऐकवायचे मी ठरवले आहे.

यंदाच्या दिवाळीत ताई येईल. काकू चहाला येतील, प्रश्नही तोच विचारतील. "होय काकू, डॉक्टर नव्हे," असे मी सांगेन, आणि तिच्या पदवीचे नाव पुरते उच्चारीन.