चाल उरते, भाषा जाते

नाताळ जवळ आला की बेळगाव-निपाणी भागातील मराठी ख्रिस्ती घरांत गाण्यांची तयारी सुरू होते. अलीकडे त्या तयारीत गिटारीवर बसवलेली आयरिश ढंगाची इंग्रजी स्तवने पुढे आणि टिळकांची गीते मागे, असा क्रम लागू लागला आहे. त्याचे समर्थन करताना एक वाक्य हमखास फेकले जाते : ‘संगीताला भाषा नसते.’ आमचे भांडण या वाक्याशी आहे.

चालींशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. परकी चाल घेणे हे पाप असेल तर मराठी रंगभूमीच पापी ठरेल. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२च्या ‘सौभद्रा’त कानडी चाली मोकळ्या हाताने घेतल्या, आज त्या कोणाला परक्या वाटतात? पेटीही युरोपातलीच. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिच्यावर बंदी घातली, पण बेळगावात पं. रामभाऊ विजापुऱ्यांनी तिच्यावर शिष्यांच्या पिढ्या घडवल्या. शिवाय कित्येक आयरिश लोकचाली पंचस्वरी, त्यांची वळणे भूपाच्या जवळून जाणारी. काहींचा तीन मात्रांचा डोल दादऱ्याशी सहज जुळतो. आमच्या मुलांच्या कानांना त्या गोड लागल्या तर नवल नाही.

परंतु ज्यांच्या चाली घ्यायच्या, त्यांच्या भाषेचे काय झाले तेही पाहावे. ‘बी दाउ माय व्हिजन’ ही मुळात जुन्या आयरिश भाषेतील प्रार्थना. मेरी बर्न यांनी १९०५ मध्ये तिचे इंग्रजी गद्य भाषांतर केले, एलिनॉर हल यांनी १९१२ मध्ये ते पद्यात आणले आणि पुढे ‘स्लेन’ ही लोकचाल तिला जोडली गेली. आज जग ती गाते ते इंग्रजीत. २००१च्या ‘इन ख्राइस्ट अलोन’ची चाल उत्तर आयर्लंडच्या कीथ गेटी यांची, तिचे शब्द तर पहिल्यापासूनच इंग्रजी. १८४५ नंतरचा दुष्काळ, देशांतर आणि इंग्रजी शाळा यांनी आयरिश भाषा बहुतेक घरांतून घालवली. राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला, तरी बहुतेक घरांत ती परतली नाही. सूर मात्र टिकले. संगीताला भाषा नसते म्हणणाऱ्यांनी हा दाखला खुशाल द्यावा. १९५६ पासून भाषेसाठी झगडणाऱ्या सीमाभागाला त्यातून सांत्वन मिळणार नाही.

आणि उसने घेण्याइतके आपण कंगाल आहोत काय? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात येऊन मराठी शिकला आणि त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये ते रायतूरला छापले गेले. इंग्रजाला ओवी पुरली, आम्हाला पुरत नाही! १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांचा अभंग आणि कीर्तनकारांची वीणा उपासनेत आणली. त्यांच्या काही रचना निकोल मॅक्निकल यांच्या भाषांतरांतून इंग्रजी स्तोत्रसंग्रहांतही गेल्या. मराठी अभंग तिकडे भाषांतरून गायचे आणि इकडे मूळ पुस्तक कपाटात ठेवायचे, या व्यवहाराला काय म्हणावे?

परक्या चालीत मराठी शब्द कोंबणाऱ्यांचीही आम्ही पाठराखण करीत नाही. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर. जिथे चाल लांबते तिथे ऱ्हस्व इकार आला की शब्दाची मान मुरगळते. ‘प्रिय’चे ‘प्रीय’ होते आणि गाणाऱ्यालाही ते खटकेनासे होते. टिळकांना हे कळत होते. आज गीते बसवणाऱ्यांनी निदान एखाद्या कीर्तनकाराला शेजारी बसवून घ्यावे.

दोष केवळ ख्रिस्ती तरुणांच्या माथी मारून आमच्या साहित्यप्रेमी मंडळींना मात्र मोकळे होता येणार नाही. ‘केवढे हे क्रौर्य’ ज्यांना शाळेपासून पाठ आहे, तेच टिळकांच्या भजनांना ‘त्यांची’ गाणी म्हणतात. फलकावरच्या मराठीसाठी मोर्चा काढायचा आणि चर्चमधल्या मराठीला पाहुणी समजायचे, ही कसली भाषानिष्ठा? डिसेंबरात एखादी बैठक टिळकांच्या भजनांची ठेवावी, पेटी आणि टाळ घेऊन. गिटारवाल्या मुलांनाही बोलवावे. त्यांना ‘स्लेन’ची चाल येते, ती त्यांनी वाजवावी आणि तिच्यात बसतील असे अस्सल मराठी शब्द रचण्याचे काम आमच्या कवींनी अंगावर घ्यावे.