शेवटची संध्याकाळ प्रार्थनेसाठी राखा



आम्हा बेल्याच्या लोकांना सीमेपलीकडचे नातेवाईक नवे नाहीत. 1956 साली भाषावार राज्ये झाली तेव्हा आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि पैनगंगेपलीकडची सोयरीक मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, राहिली. 2014 पासून आपण तेलंगणात आहोत, तरी घरात बोलणे मराठीच. त्या नात्यांना एक बस पुरते. पण आता मुले-मुली दुबई, मस्कतला कामाला गेली आहेत. त्यांच्याकडे जायचे तर व्हिसा लागतो, आणि परतीची तारीख आधीच ठरलेली असते.

या मुक्कामाचे शेवटचे दोन दिवस बहुतेक घरांत कसे जातात? खजूर, चॉकलेट, अत्तर यांची खरेदी. बॅग काट्यावर ठेवायची, वजन जास्त भरले की उघडायची, पुन्हा भरायची. पाहुण्यांना सामानाची चिंता आणि यजमानांचा एकच हट्ट, "अजून चार दिवस राहा ना!" दोन्ही प्रेमापोटीच होते, पण निरोप मात्र घाईत उरकला जातो.

पवित्र शास्त्रात अशा मुक्कामांच्या दोन गोष्टी आहेत. शास्ते 19 मध्ये एक लेवी बेथलेहेमात सासऱ्याकडे गेला. तीन दिवस झाले, चौथ्या दिवशी तो निघाला तर सासऱ्याने खाण्यापिण्याचा आग्रह करून थांबवले. पाचव्या दिवशीही तेच झाले. शेवटी दिवस कलल्यावर तो निघाला, गिब्यात रात्र झाली आणि त्या रात्री भयंकर घडले. दोष गिब्याच्या दुष्टांचाच होता. पण नको तितका आग्रह पाहुण्याला अवेळी रस्त्यावर आणतो, हेही तिथे दिसते.

दुसरी गोष्ट प्रेषितांची कृत्ये 21 मध्ये आहे. जहाजाचा माल उतरवायचा होता म्हणून पौल सोर येथे थांबला. तेथील शिष्यांनी त्याला सात दिवस ठेवून घेतले. यरुशलेमेत धोका आहे हे त्यांनी त्याला सांगितलेही. तरी निघायची वेळ आली तेव्हा सगळे जण बायकामुलांसह नगराबाहेर आले, समुद्रकिनारी गुडघे टेकले आणि प्रार्थना केली. मग तो जहाजावर चढला आणि ते घरी परतले. तिथे लेकरेही होती, हे लूकाने मुद्दाम लिहून ठेवले आहे.

आमचे म्हणणे असे, की आपला निरोप सोरकरांसारखा असावा. धरून ठेवणे हे प्रेमच आहे, पण प्रभूच्या हाती सोपवणे हे अधिक मोठे प्रेम आहे. म्हणून बॅगा एक दिवस आधी बांधा आणि शेवटची संध्याकाळ मोकळी ठेवा. मनात काही अढी असेल तर ती त्याआधी मिटवा. दुबईत 2022 पासून शनिवार-रविवारची सुट्टी असते, शुक्रवारी अर्धा दिवस काम. तेव्हा तिकीट काढतानाच तिथली शेवटची उपासना सर्वांना एकत्र मिळेल असे पाहा.

आम्ही यंदा तसे केले. परदेशात वाढणारी आपली नातवंडे शाळेत इंग्रजी बोलतात, शेजारी हिंदी. मराठी प्रार्थना त्यांच्या कानी क्वचितच पडते. त्या संध्याकाळी आजीने प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मराठीत प्रार्थना केली. मग सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. धाकटा अडखळला तिथे आजी थांबली आणि त्याला बरोबर घेऊन पुढे गेली. खजूर महिनाभरात संपले. ते शब्द मात्र त्या घरात राहिले आहेत. फोनवर तो आता स्वतः म्हणून दाखवतो.

मिलेत येथे एफिसचे वडील पौलाच्या गळ्यात पडून रडले, कारण त्याचे तोंड पुन्हा दिसणार नव्हते. आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत ही गोष्ट आपण बोलत नाही, पण प्रत्येक विमानतळावर ती मनात असते. रडू आले तर येऊ द्या. फक्त ते गुडघे टेकून झाल्यावर येऊ द्या. ख्रिस्तात ज्यांचा निरोप घेतो त्यांची पुन्हा भेट होणारच आहे, ही आपली आशा आहे.

प्रभू तुमचे जाणे-येणे सांभाळो. आमेन.