रात्री परतणारे ऊन

भंडारा शहरातील आमच्या जुन्या कौलारू घरात नवतपाच्या दिवसांतही आई अंगणातील बाजेवर निवांत झोपत असे. पुढे त्या जागी आम्ही स्लॅबचे दुमजली घर बांधले आणि अंगणात फरशी बसविली. आई आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. तिचा चौविहार आजही चालू असल्यामुळे सूर्यास्तानंतर ती पाण्याचा थेंबही घेत नाही. गतवर्षी वैशाखात दोन रात्री तिने बसून काढल्या. रात्री अकरा वाजता मी भिंतीस हात लावला, तेव्हा ती तापलेलीच होती.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर स्लॅब आणि डांबर दिवसभर ऊन जमा करून घेतात व रात्री त्याची परतफेड करतात. माती आणि झाडे मात्र तेच ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्च करतात. म्हणून शहर आसपासच्या शेतशिवारापेक्षा उष्ण राहते. यालाच शास्त्रज्ञ 'नागरी उष्णतेचे बेट' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूक हॉवर्ड याने लंडनच्या नोंदी ठेवल्या. त्यास शहर रात्री सुमारे ३.७ फॅरनहाइट अंशांनी अधिक उष्ण, तर दिवसा किंचित शीतलच आढळले. आपल्या हवामान खात्यानेही 'उष्ण रात्र' ठरविली आहे: कमाल तापमान ४० अंश वा अधिक असताना किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक चढणे. दिवसभर शिणलेल्या शरीरास रात्री विसावा न मिळणे, हाच वृद्धांस खरा धोका.

आपला जिल्हा तलावांचा खरा, परंतु पाण्याचा गारवा काठापासून फार दूर जात नाही. बाजारपेठेत तर दुकानांवर दुकाने चढली आहेत. एसी खोलीतील उष्णता आणि स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता, दोन्ही गल्लीत सोडतो. आपली खोली थंड होते, पण तो खर्च शेजारी पत्र्याखाली झोपणाऱ्या हमालाच्या नावे पडतो.

२०१० मधील जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला. पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रमही तेथे सुरू झाला. तेच पाहून यंदा होळीनंतर आम्ही गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात दिले. पांढरा पृष्ठभाग ऊन साठवण्यापूर्वीच बरेचसे परतवतो. कौलांचा गारवा आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु आई आता रात्री झोपते. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी हा खर्च धरावा लागेल.

अक्षय्य तृतीयेपूर्वी आपणही गच्ची पांढरी करावी. घरातील चौविहार करणाऱ्या वृद्धांनी सूर्यास्तापूर्वी पुरेसे पाणी घेतले की नाही, याची रोज चौकशी करावी. प्रकृती नाजूक असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा. आणि चुना कालवाल, तेव्हा एक बादली अधिक कालवा. ज्या पत्र्याखाली आपला हमाल झोपतो, तो पत्राही आपल्याच हिशेबातला आहे.