शनवार तेल्यांची थडगी

इस्राएलातून एखादा गृहस्थ आपल्या पणजीची कबर शोधीत अलिबागेस येतो, तेव्हा त्यास नवगावची वाट दाखविण्याचा आमच्याकडे प्रघात पडला आहे. बेने इस्राएलांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्यालगत फुटले, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी बाहेर टाकलेली प्रेते नवगावी दोन उंचवट्यांखाली पुरण्यांत आली, अशी त्या समाजाची पिढीजात समजूत आहे. तो गृहस्थ तेथील स्मारकस्तंभापाशी उभा राहतो, आपल्या धर्माच्या रीतीप्रमाणे एक खडा ठेवतो, छायाचित्र घेतो आणि परत जातो. पणजी मात्र राहूनच जाते. ती बिचारी पेणेस, रोह्यास किंवा एखाद्या आडगावच्या माळावर पुरलेली असते, आणि तिकडे त्यास घेऊन जाणारा कोणी भेटत नाही.

यांत त्या पाहुण्यास आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो थोडा विद्वानांचा आणि पुष्कळसा आम्हां मराठी वाचकांचा.

विद्वानांचे प्रथम पाहू. हे लोक आले कोठून, या एका प्रश्नाने त्यांना असे झपाटले आहे की, ते गेले कोठे आणि पुरले कोठे हे विचारावयास सवडच उरली नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून संपविला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे, ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर. त्यांनी हे आगमन ख्रिस्तापूर्वी १७५ च्या सुमारास नेऊन बसविले. दुसरे कोणी हरवलेल्या दहा वंशांकडे बोट दाखवितात, तिसरे येमेनचे नाव घेतात. २०१६ मध्ये आनुवंशिकतेचे अभ्यासकही पुढे आले आणि त्यांनी पश्चिम आशियांतील यहुदी व हिंदी लोक यांचे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असावे, असा हिशेब मांडला. हिशेब खरा असेल. आमचे त्याच्याशी भांडण नाही. परंतु रक्ताच्या थेंबावरून पणजीचे गाव कळत नाही, एवढे या सर्व पंडितांनी ध्यानांत ठेवावे.

हा मूळस्थानाचा वाद निव्वळ बौद्धिक करमणूक असता तर आम्ही तिकडे दुर्लक्ष केले असते. पण इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये असा आदेश काढला की, बेने इस्राएल मनुष्य आपल्या समाजाबाहेर विवाह करू लागला तर लग्न लावण्यापूर्वी त्याच्या आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. या अपमानाविरुद्ध त्या लोकांनी जेरुसलेमेत जाऊन निकराचा झगडा केला, तेव्हा १९६४ मध्ये त्या आदेशांतून त्यांचे नाव वगळण्यांत आले. ज्यांच्या आजीच्या आजीबद्दल परक्या मुलखांत अशी उलटतपासणी झाली, त्यांना तिच्या उशाचा दगड किती मोलाचा वाटत असेल, हे आम्ही सांगावयास नको.

आता तो दगड शोधावा कसा? साधन प्रत्येकाच्या नावांतच आहे. केहीमकर म्हणजे किहीमचे, पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, अष्टमकर अष्टमीचे, नवगावकर नवगावचे, दिवेकर दिवेआगरचे. या लोकांनी कुलाब्यांतील गावोगाव तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी ते बंद ठेविले, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटले. आणि जेथे घाणा तेथेच जवळपास कबरस्तान असावयाचे. मात्र आडनावावर आंधळेपणाने विसंबू नये. ते पुरुषाचे गाव सांगते. स्त्री लग्न होऊन दुसऱ्याच गावी गेलेली असते, म्हणून पणजीसाठी माहेर व सासर अशी दोन गावे धुंडाळावी लागतात. शिवाय पोटासाठी माणसे दूरदूर गेली. मुंबईचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर यांचेच पाहा ना! पुढल्याच वर्षी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणावयास ते कोचीनला गेले आणि तेथेच वारले. आडनाव दिवेआगरचे, कीर्ती मुंबईची आणि कबर कोचीनची!

खरी अडचण अक्षरांची आहे. केरळांत चेन्नमंगलम येथे १२६९ सालचा हिब्रू लेख असलेला एका यहुदी स्त्रीचा कबरीचा दगड आहे. तसे काही कोकणांत सापडेल या आशेने पुष्कळ लोक येतात आणि निराश होतात. गलबताबरोबर ज्यांचे ग्रंथ बुडाले, ज्यांच्या मुखांत एकच प्रार्थना काय ती शिल्लक राहिली, त्यांच्या थडग्यावर हिब्रू येणार कोठून? जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून छापले तेच मुळी १८३२ मध्ये. त्याआधीची थडगी म्हणजे बहुधा ओबडधोबड काळे दगड. आणि पुढे अक्षरे आली ती हिब्रूबरोबर मराठीही आली. म्हणजे जो नातू दिमोना किंवा अश्दोद येथून येतो त्यास हिब्रू येते पण हा दगड वाचता येत नाही, आणि ज्या आम्हांस तो वाचता येतो ते आम्ही तिकडे फिरकत नाही. त्या देशांत गेल्यावरही या लोकांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. त्यांनी आमची भाषा समुद्रापार नेली. आम्हांस ती गावाबाहेरच्या माळापर्यंतही नेववत नाही.

यावर आमच्यापैकी कित्येक शहाणे म्हणतील, आपण प्रेताचे दहन करणारे लोक, आपल्याला थडग्यांचे कौतुक कशाला? हे म्हणणे आम्हांस मुळीच पटत नाही. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायाने वही उघडून आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखविली की आमच्याच डोळ्यांस पाणी येते. गावच्या वेशीवरचा वीरगळ कोणाचा हे कळत नसताही आम्ही त्यास शेंदूर फासतो. बेने इस्राएलांची वही दगडांची आहे आणि ती उघड्यावर पडली आहे, इतकाच काय तो फरक! बरे, थडगी सांभाळता येतच नाहीत असेही नाही. बगदादेहून आलेले डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यास वारले. त्यांची समाधी तेथल्या लाल देवळाच्या आवारांत व्यवस्थित उभी आहे. धनिकाच्या समाधीस भिंत मिळाली, तेल्याच्या थडग्यावर निवडुंग वाढला. आणि अलिबागच्या किनाऱ्यास बंगलेवाल्यांमुळे सोन्याचे मोल आल्यापासून, ज्या पडीक तुकड्यावर कोणी नाव सांगत नाही त्यावर पुष्कळांची नजर आहे.

हे काम त्या समाजाने करावे, असेही उत्तर मिळेल. १९४८ नंतर तो समाज बहुतेक सारा निघून गेला. मागे राहिलेली थोडी कुटुंबे आपली सभास्थाने चालवितात हेच पुष्कळ आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला ही गोष्ट चांगली झाली, पण सरकारी ठरावाने दगडावरचे शेवाळ निघत नाही. त्यासाठी पाणी, मऊ कुंचला, सकाळचे तिरपे ऊन आणि मराठी वाचता येणारा मनुष्य एवढेच लागते. कोकणांत असा मनुष्य नसलेली शाळा आम्हांस माहीत नाही. तारेचा ब्रश व आम्ल यांस मात्र हात लावू नये. एका घासण्यांत शंभर वर्षांची अक्षरे जातात. बिनअक्षरी दगडही मोजावे व कोणता कोणाशेजारी आहे ते टिपून ठेवावे, कारण नवऱ्याचे नाव वाचता आले तर शेजारच्या मुक्या दगडाची ओळख पटण्याचा संभव असतो.

आणि नाव जसे कोरले असेल तसेच उतरून घ्यावे; पाथरवटाचे शुद्धलेखन सुधारू नये. या लोकांनी कोकणांत राहून सॅम्युएलचा सामाजी केला, अब्राहामचा आबाजी केला, याकोबचा अकूबजी केला. नातू येतो तो याकोब शोधीत येतो, आणि अकूबजीच्या दगडावरून तसाच पुढे निघून जातो.