तुरुंग रिकामा झाला, घरांचे काय?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूरच्या ग्रॅनाइट पठारावर प्रिन्सटाऊन येथे १८०९ साली नेपोलियनच्या युद्धातील कैद्यांसाठी तुरुंग उघडला. दोन शतकांहून जुना असलेला हा तुरुंग जुलै २०२४ मध्ये तात्पुरता बंद करण्याचा निर्णय झाला आणि उरलेल्या कैद्यांना अन्यत्र हलवण्यात आले. त्यांना तेथून निघावे लागले ते जमिनीतून झिरपणाऱ्या, रंग, वास वा चव नसलेल्या एका वायूमुळे. तो वायू म्हणजे रॅडॉन. ब्रिटनमध्ये घर घेणाऱ्या किंवा भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने या घटनेकडे लक्ष द्यावे, असे तिचे महत्त्व आहे.

रॅडॉन राजवायूंच्या कुळातला आहे. याच कुळातील आरगॉन हवेत जवळपास एक टक्का असतो आणि तो आपण निर्धोकपणे श्वासावाटे घेतो, कारण निसर्गातील आरगॉन जवळजवळ सर्वस्वी स्थिर समस्थानिकांचा बनलेला आहे. रॅडॉनचे मात्र एकही समस्थानिक स्थिर नाही. खडकातील युरेनियमच्या ऱ्हासातून रेडियम आणि रेडियमपासून रॅडॉन-२२२ तयार होतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा आहे. थोरियमपासून होणारा रॅडॉन-२२० अवघ्या ५६ सेकंदांत निम्मा उरतो, त्यामुळे तो बहुधा मातीतच संपतो. रॅडॉन-२२२ ला मात्र जमिनीतील भेगांतून घरात शिरण्याइतका अवधी मिळतो. राजवायू असल्याने तो वाटेत कशाशीही संयोग पावत नाही. खरा अपाय त्याच्या ऱ्हासातून निर्माण होणाऱ्या पोलोनियमच्या समस्थानिकांकडून होतो. हे घन कण फुफ्फुसात चिकटून राहतात आणि तेथेच अल्फा कण सोडतात.

ब्रिटिश घरांतील रॅडॉनची सरासरी पातळी घनमीटरला सुमारे २० बेकरेल आहे. २०० बेकरेलच्या वर उपाय करावेत, असा सरकारी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. १०० बेकरेल हे उद्दिष्ट मानले जाते. ज्या भागात शंभरातील एक किंवा अधिक घरे २०० ची मर्यादा ओलांडण्याची शक्यता असते, तो ‘रॅडॉनबाधित क्षेत्र’ ठरतो. कॉर्नवॉल आणि डेव्हन सर्वपरिचित आहेत. परंतु सॉमरसेट, डर्बीशर व नॉर्दम्प्टनशर यांचे काही भागही या नकाशावर आहेत. लंडनबाहेर थोड्या मोठ्या घराच्या शोधात निघालेल्या कुटुंबांना नॉर्दम्प्टनशरचे नाव परके नाही.

मुख्य विसंगती कायद्यात आहे. कामाच्या जागी ३०० बेकरेलची पातळी ओलांडली की २०१७ ची आयनकारी किरणोत्सार नियमावली लागू होते आणि मालकाला उपाय करणे भाग पडते. तुरुंग ही शेकडो कर्मचाऱ्यांची कामाची जागा आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मात्र केवळ सल्ला मिळतो. भाडेकरूची स्थिती आणखी अवघड आहे. इंग्लंड व वेल्समध्ये घरातील धोक्यांच्या अधिकृत यादीत किरणोत्सार आहे, स्थानिक कौन्सिल घरमालकाला सुधारणेचा आदेशही देऊ शकते. पण मोजमापच झाले नसेल तर आदेश कशाच्या आधारावर द्यायचा?

दुसरी विसंगती आकड्यांत आहे. २००९ च्या एका अभ्यासानुसार ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे १,१०० जण रॅडॉनमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या कर्करोगाने दगावतात. यातील ८५ टक्क्यांहून अधिक मृत्यू १०० बेकरेलहून कमी पातळीच्या घरांत होतात. जास्त पातळीची घरे थोडी आणि कमी पातळीची असंख्य आहेत, एवढाच याचा अर्थ. बहुतेक मृत्यूंमागे रॅडॉन व धूम्रपान दोन्ही असतात. म्हणजे केवळ बाधित क्षेत्रांवर लक्ष ठेवून हा प्रश्न सुटणारा नाही. नव्या घरांच्या तळाशी रॅडॉनरोधक आवरण घालणे सर्वत्र सक्तीचे करावे, ते खर्चाच्या मानाने फायद्याचे ठरेल, असे त्याच अभ्यासाने सुचवले होते. इंग्लंडमधील सक्ती आजही नकाशाच्या रेषांपुरतीच आहे.

त्यात ऊर्जाबचतीची भर पडते. घरे ऊबदार करण्यासाठी फटी बुजवल्या जातात, तेव्हा वायूची बाहेर पडण्याची वाटही बुजते. वायुवीजनाची जोड न देता घरे हवाबंद केल्यास रॅडॉनची सरासरी पातळी सुमारे ५७ टक्क्यांनी वाढेल आणि वर्षाला २७८ पर्यंत अकाली मृत्यूंची भर पडू शकेल, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला गेला. उष्णतारोधनासाठी सार्वजनिक पैसा खर्च होत असेल, तर बाधित क्षेत्रांत कामाआधी व नंतर रॅडॉन मोजण्याची अट त्याला जोडणे अवाजवी नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना या धोक्याची सवय नसणे स्वाभाविक आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा सामान्यतः कमी असते, आणि तिकडची घरे वर्षातील बराच काळ उघड्या खिडक्यांची. इथे हिवाळ्यातले सहा महिने दारे-खिडक्या बंद असतात.

उपाय मात्र आवाक्यातले आहेत. टपालाने मागवलेले दोन लहान शोधक, एक बैठकीच्या खोलीत व एक शयनगृहात, तीन महिने ठेवायचे. पातळी जास्त निघाली तर जमिनीखाली खड्डा करून पंख्याच्या साहाय्याने वायू बाहेर सोडता येतो. घरखरेदीच्या वेळी सॉलिसिटरच्या चौकशीत क्षेत्र बाधित आहे का, हे कळते. घर बाधित आहे का, ते कळत नाही. विक्रेत्याकडे मोजमाप नसल्यास चाचणीचा निकाल येईपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवण्याचा करार करता येतो. चाव्या हाती येण्यापूर्वीच हा विषय काढणे शहाणपणाचे, कारण त्यानंतर मोजण्याचा आणि दुरुस्तीचा सारा भार एकट्या खरेदीदारावर पडतो.