रुमालाचं तिकीट काढलंय का?

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये जाम चर्चा रंगली होती. टीममधली एक नवी मुलगी पहिल्यांदाच अमेरिकेला चाललीय, डलासच्या क्लायंटकडे. तिथून पुढे तिला दोन-तीन शहरंही फिरायचीत. लगेच आमची ऑनसाइट रिटर्न मंडळी सरसावली. 'साउथवेस्टनं जाणार असशील तर बरोबर चोवीस तास आधी चेक-इन कर. एक मिनिट उशीर झाला की गेलीस मधल्या सीटवर!'

मी म्हटलं, बॉस, तुमची माहिती एक्स्पायर झालीय. २७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टमध्येही सीट नंबर आलेत. 'पकडेल त्याची जागा' हा खेळ संपला!

टेबलवर क्षणभर शांतता पसरली. या खेळात आम्ही सगळेच कधी ना कधी जिंकलो होतो आणि हरलोही होतो. माझ्याबाबतीत म्हणाल, तर मी एकदा जिंकून हरलो होतो. पण ते सांगतो नंतर.

आधी थोडा फ्लॅशबॅक. ही कंपनी १९७१ साली टेक्सासमध्ये डलास, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्ये उडायला लागली. पुढच्याच वर्षी पैशांची चणचण झाली आणि चारपैकी एक विमान विकावं लागलं. पण वेळापत्रक चार विमानांचं! मग विमान उतरल्यावर दहा मिनिटांत रिकामं करून, भरून पुन्हा उडवायचं, असा हिशेब बसवला गेला. अशा घाईत सीट नंबर न देणंच सोयीचं. आत या, दिसेल तिथे बसा, चला! आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनमध्येही हाच फंडा होता. युरोपात ईझीजेटनं २०१२ मध्ये आणि रायनएअरनं २०१४ मध्ये तो सोडला. साउथवेस्टनं मात्र चोपन्न वर्षं किल्ला लढवला.

तिथे नंबर मिळायचा, पण तो सीटचा नव्हे, रांगेतला. २००७ पासून ए-१ ते ए-६०, मग बी, मग सी अशी पद्धत आली. गेटजवळ नंबर लिहिलेले खांब असायचे आणि लोक मुकाट्यानं आपापल्या खांबापाशी उभे राहायचे. चेक-इन उघडायचं चोवीस तास आधी. तुम्ही ज्या क्षणी बटण दाबाल, त्यावर तुमचा नंबर ठरायचा. २००९ पासून जादा पैसे भरले की कंपनी छत्तीस तास आधीच तुमचं चेक-इन आपोआप करायची. म्हणजे तुम्ही अगदी सेकंदाला बटण दाबलंत, तरी ए गटातले कितीतरी नंबर आधीच गेलेले असायचे. सहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या कुटुंबांना ए आणि बीच्या मध्ये सोडायचे. व्हीलचेअरवाले सगळ्यांच्या आधी. त्यातले काही जण उतरताना मात्र टुणटुणीत चालत जायचे. प्रवासी गमतीनं म्हणायचे, ही चमत्काराची विमानं!

आता यातलं गणित बघा. यांची सगळी विमानं बोइंग ७३७, म्हणजे एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन सीट्स. १४३ सीट्सचं विमान असेल तर मधल्या सोडून उरतात साधारण पंच्याण्णव. त्यातले साठ गेले ए गटात. म्हणजे विमान फुल्ल असेल तर बी-३५च्या आसपास विंडो आणि आइल संपल्या. त्यातून व्हीलचेअरवाले आणि मुलंबाळंवाले वजा करा. म्हणून जाणकार म्हणायचे, बी-३०च्या आत असाल तर टेन्शन नाही. पुढे असाल तर सरळ मागच्या रांगा गाठा. बहुतेकांना पुढच्या सीट्स हव्या असतात, मागच्या शेवटी भरतात.

आणि मग शेजारची सीट रिकामी ठेवायचे फंडे! मधल्या सीटवर जाकीट टाकणं, पेपर पसरणं, झोपेचं सोंग घेणं, कुणी जवळ आलं की जोरात शिंकणं. आपण तर काय, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत लहानाचे मोठे झालो. आपल्याला हे कुणी शिकवायला नको! गंमत म्हणजे दुसऱ्यासाठी जागा धरण्याबद्दल कंपनीचा ना होकार होता, ना नकार. प्रवाशांनी आपापसांत बघून घ्यायचं.

तर आता माझी गोष्ट. साल २०१९. मी डलासला होतो आणि आई-बाबा साताऱ्याहून आले होते. ग्रँड कॅन्यन दाखवायचं म्हणून लास व्हेगासची तिकिटं काढली. माझं आधी काढलं होतं, त्यांचं नंतर. त्यामुळे पीएनआर दोन. मी मोबाइलला अलार्म लावून ठोक्याला माझं चेक-इन केलं. ए-५७. सही! आणि त्या आनंदात त्यांचं करायचं विसरलो. दोन तासांनी आठवलं तेव्हा हाती आले सी-४ आणि सी-५. म्हणजे मधल्या सीट्स, त्याही एकमेकांपासून लांब. आईला इंग्रजी येत नाही. बाबांना खिडकीतून वाळवंट बघायचं होतं, आठवडाभर तेच चाललं होतं.

मग मी काय केलं असेल? आत शिरलो, मागची एक रांग गाठली, आइलला स्वतः बसलो, मधल्या सीटवर जाकीट टाकलं आणि विंडोवर चक्क रुमाल! बी गट आत आला. साधारण साठीच्या एक बाई थांबल्या आणि विंडोकडे बोट दाखवून विचारलं, इथे कुणी आहे का? मी म्हटलं, माझे आई-वडील येतायत. त्यांनी रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दोन रांगा मागे जाऊन मधल्या सीटवर बसल्या.

शेवटी आई-बाबा आले. मी विजयी मुद्रेनं उठलो. बाबांनी विचारलं, "ही जागा कशी काय राहिली रे?"

"धरून ठेवली. रुमाल टाकून!"

इथे एक सांगायला हवं. बाबा एसटीत कंडक्टर होते. अख्खी नोकरी सातारा डेपोत काढली. रुमालावरून होणारी भांडणं त्यांनी शेकड्यांनी सोडवली होती आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रुमालाचं तिकीट काढलंय का?" जो गाडीत उभा आहे त्याचा हक्क आधी, रुमालाचा नंतर. हे वाक्य ऐकत मी मोठा झालो होतो.

पण तेव्हा ते वाक्य त्यांनी उच्चारलंच नाही. एवढंच विचारलं, "कुणी मागितली नाही?"

"एका बाईंनी विचारलं होतं. त्या मागं गेल्या."

"कुठायत?"

मी मान वळवून दाखवलं. बाबांनी आईला मधल्या सीटवर बसवलं, स्वतः दोन रांगा मागे गेले आणि त्या बाईंना म्हणाले, "मॅडम, विंडो. प्लीज." त्या आधी गोंधळल्या, नको नको म्हणाल्या. बाबा हात जोडून उभेच. मागे रांग तटलेली. शेवटी त्या उठल्या आणि आमच्या रांगेत येऊन बसल्या. बाबा त्यांच्या मधल्या सीटवर, दोन आडव्यातिडव्या टेक्सन्सच्या मध्ये, हात मांडीवर घेऊन. आईनं त्या बाईंना डब्यातली शंकरपाळी दिली. मला मात्र ती गिळेना. वाळवंट कसं होतं, कुणाला ठाऊक! मी खिडकीकडे बघितलंच नाही.

उतरल्यावर मी सॉरी म्हटलं. बाबा म्हणाले, "चूक रुमालाची नाही. आमचं तिकीट तू वेळेत बघितलं नाहीस. ती तुझी चूक त्या बाईनं का भरायची?"

बास! परतीच्या वेळी मी तीन अलार्म लावले. तिघांचेही नंबर ए गटात आले आणि बाबांना रीतसर विंडो मिळाली. विमान धावपट्टीवर येईपर्यंत ते घोरायलाही लागले होते!

आता साउथवेस्टमध्ये बुकिंग करतानाच सीट निवडता येते. सगळ्यात स्वस्त 'बेसिक' तिकीट घेतलंत तर मात्र चेक-इनच्या वेळी कंपनी देईल ती सीट. आपल्याकडेही स्वस्त तिकिटावर हवी ती सीट पाहिजे तर बऱ्याचदा जादा पैसे मोजावे लागतात. नाहीतर कॉम्प्युटर देईल ती घ्यायची. म्हणजे रुमाल गेला, पण मधली सीट काही जात नाही. म्हणून त्या नव्या मुलीला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

घरचे एकत्र जाणार असाल तर सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. चेक-इन कधी उघडतं ते त्या त्या कंपनीचं बघून ठेवा आणि उघडल्या उघडल्या सगळ्यांचं एकदम उरका. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मूल असेल तर निदान त्यांच्या सीटचे पैसे भरून मोकळे व्हा, पिझ्झा एक कमी खा! तरीही ताटातूट झालीच तर अदलाबदल जरूर मागा, पण बसायच्या आधी विचारा. आणि विंडोच्या बदल्यात विंडो, आइलच्या बदल्यात आइल द्या. स्वतःची मधली सीट पुढे करून दुसऱ्याची विंडो मागू नका. समोरचा नाही म्हणाला तर हसून थँक्यू म्हणा. त्यानंही कदाचित तीन अलार्म लावलेले असतील.

परवा बाबांना फोनवर सांगितलं, त्या विमानात आता नंबर देतात. ते म्हणाले, "बरं झालं. कंडक्टरचा ताप वाचला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पुढच्या वेळी आमचं एकत्र काढ हं."

काढतो, बाबा. नक्की.